एकेचाळीस हजार तीनशे सोळा

खडे बाजारात, जिन्याखालच्या दुकानात
चन्नवीरनं दोन हार्डडिस्क काउंटरवर ठेवल्या,
कुंद्याचा डबा ठेवावा तशा, जपून.
बेंगळुरूच्या कुठल्याशा डेटा सेंटरमधून उतरलेल्या,
किंमत नव्याच्या निम्म्याहून खाली.
'गॅरंटी इल्ला अक्का.
यरडु दिवस चालवून बघा, नाहीतर आणून द्या.'
एका वाक्यात दोन भाषा
आमच्याकडे कुणाला जड जात नाहीत.

घेतल्या.
गेल्या साली सीलबंद घेतली होती ना,
आठ महिन्यांत गेली
देसूरच्या हणबरांच्या मुलीचं लग्न घेऊन.
अल्बमसाठी निवडलेले चाळीस फोटो तेवढे वाचले.
बाकी हळद, रुखवत,
आजोबांनी लाजत लाजत धरलेला ठेका...
हणबर भेटले की मी अजून
पावसापाण्याचं विचारते.

घरी कॉम्प्युटर उघडून जोडली
तर डिस्क हलेचना. घरघर नाही, काही नाही.
दुपारभर शोधल्यावर कळलं:
मोठ्या यंत्रांतल्या डिस्कांना शिकवलेलं असतं,
तिसऱ्या पिनेवर वीज असेल तोवर झोपून राहायचं.
आमच्या जुन्या सप्लायची वीज तिथून हटतच नाही,
आणि ही बिचारी सांगितल्या शब्दाला जागून
झोपलेली.

बाबा उद्यमबागेतून आले तेव्हा
मी चिमट्यानं चिकटपट्टी बसवत होते
आणि ती चौथ्यांदा निसटली होती.
त्यांनी डब्याच्या पिशवीतून
मोटर वाइंडिंगची पिवळी पट्टी काढली,
तांदळाच्या दाण्याएवढी कापली,
चष्मा कपाळावर सारला, श्वास धरला.
'दाब आता बटण.'

आधी बारीक शिट्टी, वर वर चढत गेलेली.
मग टक. टकटक. मग घरघर, संथ.
आई आतून म्हणाली, 'एवढंच होय?'
वडगावच्या मागांच्या खडखडाटात वाढलेली ती,
तिला हा आवाज म्हणजे शांतताच.

बाबांनी लांब स्क्रूड्रायव्हर घेतला.
टोक डिस्कच्या कडेला, मूठ कानाला.
डोळे मिटून उभे,
इचलकरंजीला जुना लेथ घ्यायला गेले होते
तेव्हा उभे होते तसे.
मी लहान होते, दलाल घड्याळ बघत होता.

'बेअरिंग जाग्यावर हाय,' ते म्हणाले.
'किती चाललीया?'
मी स्क्रीन दाखवली. खराब सेक्टर शून्य,
चाललेले तास एकेचाळीस हजार तीनशे सोळा.
त्यांनी बोटांवर शिफ्टा मोजल्या.
'ऐतवारी बी?'
ऐतवारीसुद्धा बाबा. गणपतीतसुद्धा.
ते जरा वेळ काही बोलले नाहीत.

तिच्या पाठीवर कुणाच्या तरी हातचं मार्करनं लिहिलंय,
रॅक सतरा, खण चार.
मी ते पुसलं नाही.
बाबांच्या लेथवरही आधीच्या कारखान्याची पाटी आहे अजून.
आत काय काय होतं तिच्या, कुणास ठाऊक.
कुणाच्या पगाराच्या नोंदी, कुणाच्या छातीचे एक्सरे.
आता टोकापासून टोकापर्यंत नुसती शून्यं,
मी रात्रभर बसून तपासली.

दुसरी मात्र पहाटे चारला अडखळली.
आठ सेक्टर, मग बावीस, मग मोजणंच सोडलं.
सकाळी चन्नवीरनं काही न विचारता बदलून दिली,
चहा मागवला,
वर म्हणाला, 'एकीवर राहू नका अक्का.'
त्यासाठीच तर दोन घेतल्या होत्या.

संध्याकाळी पट्टी पुन्हा बाबांनीच लावली.
मग मी पहिला फोल्डर केला,
नाव दिलं देसूर,
त्यात चाळीस फोटो टाकले,
दोन्हीकडे.
बारा टीबीच्या कोपऱ्यात ते दिसतसुद्धा नाहीत.