वेचणी

चावी घे, तस्नीम. आणखी एक करून ठेव,
चौकात इब्राहीमभाई पाच मिनिटांत देतात.
मला ही मिळायला चार वर्षं लागली;
तोवर शिपाई दारातच विचारायचा, "सर कुठंयत?"

स्टूल खाली कर. हातमोजे मोठे होतील,
सगळे लार्जच मागवलेत, विचारलं कुणी नाही.
फेलोशिप दिवाळीनंतर येईल म्हणतात,
कुठल्या दिवाळीनंतर ते म्हणत नाहीत.
तोवर डबा दोघींचा आणते मी.

हा आपला हात. परभणीत असा दुसरा नाही.
दोन बोंडं नीट वेचतो,
तिसरं नखीसकट उपटतो.
नऊ वर्षं झाली. बोटं पाच, सेन्सर चाळीस.

तू बराच वेळ बघत राहिलीस,
मग हळूच,
"मॅडम, अम्मी तीनच बोटं लावते.
ओढत नाही. फिरवते."

मी फळा पुसला.

सोमवारी अम्मी आली, मानवतहून, सातच्या एसटीनं.
कुंडीतली पऱ्हाटी बघून हसली,
"अगं माय, ही हितं काय करायली?"
तिच्या बोटांवर आपण पांढरे ठिपके चिकटवले,
अंगठ्याला भेग होती, तिथं चिकटेना.

दिवसाच्या मानधनाचं बिल मी केलं.
'पद' या रकान्यात लिहिलं : तज्ज्ञ.

हिशेब विभागानं परत पाठवलंय,
लाल शाईत : शैक्षणिक अर्हता?

चल, खाली जाऊ.
तू बोल.
मी शेजारी उभी राहते.