शंग, दुरुस्तीला आलेला

तांबट आळीत सूर लावायचा तर
दुपारी दीड ते तीन.
तेव्हा हातोडे जेवायला जातात.
बाकी दिवसभर घंगाळांवर ठोक पडत असतो
आणि त्यात काळी दोनसुद्धा पांढरी वाटते.

आजोबांनी ठोकणं सोडलं, पत्रा सोडला नाही.
तोच पितळी पत्रा, नखाएवढा कापून
पेट्यांच्या पोटात बसवत राहिले.
आडनाव पोटफोडे.
गिऱ्हाईक आधी हसतं, मग पेटी उघडायला देतं.

ग्रेस त्साई आल्या कॅम्पातून, रिक्षानं,
मांडीवर बिस्किटांचा चौकोनी डबा.
आत फडक्यात सतरा वेळूच्या नळ्या,
पंख मिटून बसलेल्या पाखरासारख्या,
खाली वाटीएवढं पोट.
"डॅडींचा शंग. ते दातांचे डॉक्टर होते."

मी पेटीवाली. असलं काही बापजन्मात पाहिलेलं नाही.
एक नळी ओढून काढली, टोकाशी पाहिलं
आणि हात थांबला.
पितळी जीभ.
तीन बाजूंनी कापलेली, चौथीनं धरून ठेवलेली,
वर मेणाचा ठिपका, सूर उतरवायला.
माझ्याकडे ती रिबिटानं बसते,
यांच्याकडे पत्र्यातच कापतात.
एवढाच काय तो फरक.

चहा निवत होता. त्या सांगत होत्या:
नूवा नावाच्या देवीनं मातीची माणसं केली,
ती नुसतीच बसून राहिली एकमेकांकडे बघत,
म्हणून तिनं भोपळ्यात वेळू खोवून हे केलं.
भोपळा म्हटल्यावर मी तंबोऱ्याकडे पाहिलं.
तो कोपऱ्यात, खोळीत,
आपलं नाव निघालं हे न कळल्यासारखा.

मग कधीतरी कुणी शंग जहाजात घालून
फिरंग्यांच्या मुलखात नेला,
तिथं कुणाला त्याची जीभ आवडली.
जिभेला भाता जोडला, पट्ट्या जोडल्या,
खोक्यात घालून मुंबई बंदरात उतरवलं.
पुढचं पुण्याला विचारा.
पुणं म्हणेल, पेटी? आमचीच की!

"दोन तारांचं एक असतं आमच्यात, अर्हू.
हू म्हणजे परका. उत्तरेकडून आलेला, रानटी.
हजार वर्षं मांडीवर घेऊन वाजवतात,
नाव नाही बदललं."
हे बोलताना त्या डब्याचं झाकण लावत होत्या.
लागत नव्हतं.

बासष्ट साली डॅडींना रात्री नेलं,
राजस्थानात, तारेच्या कुंपणाआड.
परत आले तेव्हा ईस्ट स्ट्रीटच्या दवाखान्यात
खुर्चीवर धूळ
आणि काचेच्या कपाटात कवळ्या तशाच हसत.

शंग फुंकूनही वाजतो, श्वास आत ओढूनही.
त्यानंतर डॅडी फक्त आत ओढून वाजवायचे.
एक सूर. मग तोंड बाजूला करून
श्वास गुपचूप सोडायचे.
मग पुन्हा एक.
का, ते आईनं विचारलं नाही.

दीड वाजला. हातोडे थांबले.
मी जीभ खरवडली, डॅडींच्याच कानशीनं,
दातांसाठीची ती, बारीक,
माझ्या सगळ्या कानशींहून शहाणी.

सतरापैकी चार नळ्यांत जीभच नव्हती.
"त्या पहिल्यापासून मुक्या.
पंख दोन्हीकडे सारखे दिसावेत म्हणून."
पत्रा समोर पडला होता, बोटं शिवशिवत होती.
नाही बसवली.

त्यांना दमा. मग मीच तोंडाला लावला.
मेण, जुनं पितळ,
आणि कुठून तरी लवंगेच्या तेलाचा वास,
दाढ दुखल्यावर येतो तो.
बाहेर फुंकलं: काळी चारच्या आसपास.
आत ओढलं: तीच.
ग्रेसबाई खिडकीतून
समोरच्या घंगाळांची चळत मोजत राहिल्या.

तीन कधीच वाजून गेले होते.
समोरचा विठू करडे हातोडा हातात घेऊन दारात,
मारायचा विसरलेला.
"कुठली गं ही पेटी?"

मी म्हटलं, थांब जरा,
अजून केसभर खाली लागतोय.