कल्ले

रायच्या फुटबॉल मैदानावर मांडव.
बाहेरगावचा उपदेशक, पांढरे बूट.
कपाळाला हात लागला की माणूस मागे कोसळायचा,
झेलायला दोन पोरं उभीच.
आवुरोरामावशी रांगेत,
पुढे फक्त चार माणसं,
आणि ती बाजूला झाली.

विचारलं तर म्हणाली,
बांगडा घेतानासुद्धा मी कल्ला उघडून बघते गो,
मग डोकं असंच कसं देऊ
कुणाच्याही हाताखाली?
पाकीट आधी फिरवलं त्याने, नाव विचारलंच नाही.

मला वाटलं, आता ही कुणाकडेच जायची नाही.

मंगळवारी ती पाद्री होनोरातकडे गेली.
तो मिरीच्या वेलीला दोरी बांधत होता.
हात धुतले, तरी नखांत माती.
त्यालाही तिने बघून घेतलं,
सावकाश, पायापासून वर.
मग पायरीवर बसली
आणि मान वाकवली.

जहाजावरच्या मुलासाठी त्याने मागणं मांडलं,
नाव घेतलं जोकिम.
"तो बाप त्याचा, पाद्री. गेला तो. मुलगा एल्विनो."
तो थांबला.
क्षमा मागितली, तिची की देवाची, मला कळलं नाही,
आणि हात तसाच ठेवून
पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.