चाहुलीची नोंदवही

एबिनाच्या कारखान्यात, तिसऱ्या मजल्यावर,
कुरामोची चालायचे आणि मी लिहायचो.
एवढंच काम. दोघांचा पगार त्याचाच.

फरशीवर पिवळ्या चिकटपट्ट्या,
दर अर्ध्या मीटरला एक,
आणि टोकाला प्रिंटर, गाढ झोपलेला.
त्याच्या कपाळावर वाटाण्याएवढं काळं भिंग.
अंगाची ऊब दिसली की त्यानं उठायचं,
माणूस पोचेतो आतला रूळ तापलेला हवा.
आलेल्याला ताटकळत ठेवायचं नाही
आणि नुसत्या जाणाऱ्यासाठी वीज जाळायची नाही.

सगळी मेख त्या दुसऱ्या अटीत.

कारण ऑफिसात बहुतेक माणसं नुसती जात असतात,
चहाच्या यंत्राकडे, खिडकीकडे,
साहेबाच्या दारापर्यंत आणि तिथून परत.

तर कुरामोची कधी यायचे, कधी जायचे.
सरळ, तिरके, फायली छातीशी धरून,
लंगडत, फोनवर खोटंखोटं भांडत,
एकदा पोटाला उशी बांधून, गरोदर बाईसारखे;
मी हसलो, ते हसले नाहीत.
मी लिहायचो "आला" नाहीतर "गेला",
आणि शेजारच्या रकान्यात यंत्राचं मत.
चार हजार दोनशे अकरा वेळा.

एका संध्याकाळी बूट काढून तळवे चोळत म्हणाले,
"तचिकावा, जो येणार असतो ना,
त्याचं पाऊल तीन पावलं आधीच थांबायला लागतं.
त्याला स्वतःला कळत नाही. टाचेला कळतं."

मी ते वहीत उतरवलं नाही.
त्यासाठी रकाना नव्हता.

पुढे ते यंत्र खूप खपलं.
कुरामोची निवृत्त झाले, गुडघा बदलून घेतला,
नववर्षाची कार्डं येत राहिली,
त्यांच्या अक्षरात नाही, सेत्सुयो-सानच्या.
यंदा कार्ड आलं नाही.

ओदावाराच्या इस्पितळात, चौथा मजला, रात्र.
नर्सच्या टेबलाशी आमचंच यंत्र उभं,
जुनं मॉडेल, कडा पिवळट पडलेल्या.
कुरामोची कॉरिडॉरमध्ये येरझारा घालत होते,
आणि दर खेपेला ते उठायचं,
हिरवा दिवा, आत घुरघुर,
मग कुणी काही मागितलं नाही म्हणून परत झोप.

"बिघडलंय," नर्स नानाए म्हणाली,
"आमच्यातलं कुणी इथून गेलं तर हलत नाही,
या आजोबांना बघूनच उठतं. उद्या माणूस बोलावते."

मी उठून स्वतः चालून बघितलं.
खरंच. माझ्यासाठी ते झोपलेलंच.

मग बाकावर बसून, जुन्या सवयीनं,
मी त्यांच्या टाचा बघत राहिलो.
सहा नंबरची खोली प्रिंटरच्या लगतच होती.
दाराच्या तीन पावलं आधी
त्यांचं पाऊल थांबायला लागायचं,
थांबायचं नाही,
आणि ते दारावरून पुढे निघून जायचे.

बिघाड नाही, असं मी नानाएला सांगणार होतो.
पण कसं सांगायचं, ते सुचेना.

पहाटे सव्वाचारला ते त्या खोलीतून बाहेर आले.
माझ्याकडे बघून किंचित वाकले.
यंत्रासमोरून एकाच चालीत गेले,
लिफ्टपर्यंत, कुठेही न रेंगाळता.
ते उठलं नाही.
वही असती तर मी लिहिलं असतं: गेला.
यंत्राचं मत: तेच.

थोड्या वेळानं नानाए टेबलामागून उठली, यंत्राकडे आली.
हिरवा दिवा लागला.
एकच कागद, खाली सहीची जागा कोरी.
तिनं तो हातात घेतला तेव्हा गरम होता.
तिला क्षणभरही थांबावं लागलं नाही.