सक्त

आमचा बाप, पेंटर हिंदुराव लोहार, गंगावेस,
या एका शब्दावर जगला.
रंकाळ्याच्या काठाला : म्हशी धुण्यास सक्त मनाई आहे.
तालमीच्या दाराला : चप्पल आत नेण्यास सक्त मनाई आहे.
बोळातल्या भिंतीला तर सक्त ताकीद,
लाल रंगात, वर एक कवटी फुकट.

म्हशी पाटीखालीच धुतल्या जायच्या.
ओलं अंग पाटीला घासून घासून
त्यांनी ‘मनाई’ अर्धी खाऊन टाकली.
बाप म्हणायचा, म्हशीची चूक न्हाई,
रंगच पातळ झाला असंल.

शिकवताना मात्र
‘क्त’वर त्याचा फार जीव.
क चा पाय मोडतो ना, तिथंच त नं त्याला धरायचं.
फट दिसली
की बोटांवर आधारकाठी.
मग तीच बोटं रॉकेलच्या चिंधीनं
एकेक करून पुसायचा
नखांच्या कडांपर्यंत,
न बोलता.

नववीत हेर्लेकर बाईंनी फळ्यावर लिहिलं :
सक्त, म्हणजे चिकटलेला, जडलेला. त्यावरूनच आसक्त.
मी हात वर केला. बाई, सक्त म्हणजे कडक.
वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत.
म्हणाल्या, तुझा फारसीतून आलाय, माझा संस्कृतातला.
चिखलीला नद्या मिळतात,
पुढं कुणी विचारतं का,
हे पाणी कासारीचं की भोगावतीचं?

घरी येऊन सांगितलं.
बापानं ब्रश झटकला.
“पैसे एकाच शब्दाचे मिळत्यात.”

सीपीआरच्या वॉर्डाबाहेर आता फ्लेक्स आहे :
रात्री नातेवाइकांनी थांबण्यास सक् त मनाई आहे.
मशीननं जोडाक्षर सोडून दिलंय,
क लंगडा, त लांब उभा.
सिस्टर दोनदा येऊन ओरडून गेली. कडक बाई.
तिसऱ्यांदा आली ती स्टूल घेऊन.

पहाटे बापानं मास्क बाजूला केला.
“भायेर पाटी हाय न्हवं? कुणी केली?”
मशीननं.
“क्त?”
सुटलाय.
“मग जा की. जोडून ये.”

मी उठायला गेले
तर त्याची दोन बोटं माझ्या मनगटावर,
रॉकेलनंही न निघणारी.