प्रश्न चौथा

मंगळवारी सकाळी पोह्यांच्या ताटल्या बाजूला सारल्या
की आमचं जेवणाचं टेबल युरोप होतं.
जिरावणाची बाटली म्हणजे लंडन, हे तबीथाने ठरवलेलं.
मिठाची बरणी लिस्बन.
फ्रान्सवर गेल्या आठवड्यापासून लोणच्याचा डाग आहे.

पुस्तक नणंदेने ओटावाहून पाठवलेलं. जाड, गुळगुळीत.
दर पाठाशेवटी पाच प्रश्न
आणि चौथा नेहमी तोच:
या घटनेत देवाचा हात कुठे दिसतो?

छापखान्याच्या पाठाला तिने भराभर लिहिलं.
वाफेच्या इंजिनापाशी जरा अडली.
गुलामांच्या मुक्तीला पेनाचं टोपण चावत म्हणाली,
आणि त्यांना पकडलं तेव्हा?
तो प्रश्न कितवा?

शाळा आम्ही मागच्या जूनमध्ये सोडवली.
मधल्या सुट्टीत कुणीतरी हिंदीतून विचारलं होतं,
नाव बदलायचे किती मिळाले तुझ्या बापाला.
घरी येऊन तिने तेच मला विचारलं,
रडत नाही, हिशेब मागत.

आज अकरावा पाठ.
अठराशे बेचाळीस साली देवाने
शुभवर्तमानासाठी चीनचं दार उघडलं.
एवढं एकच वाक्य. खाली चित्र:
शिडाची बोट, ढगांतून उतरणारा उजेड.

मला पुढे वाचता आलं असतं.

बोटीत काय होतं ते पुस्तकात नाही.
मला माहीत आहे, कारण मी इंदूरची.
अफू. माळव्याची, आपल्याच काळ्या मातीतली,
इथल्याच काट्यावर तोललेली,
पेट्यांत भरून बैलांवरून मुंबईला, तिथून पुढे.
चीनने नको म्हटलं तेव्हा तोफा आल्या.
त्याच बोटींतून कधी कधी ते लोकही आले,
हातात शास्त्र, पायांखाली पेट्या.

सांगताना माझा आवाज पाळकीणबाईंसारखा चढत होता,
तो मुद्दाम खाली आणला.
आणि मग तेही सांगून टाकलं, जे आज सांगायचं नव्हतं:
छप्पन्न्याच्या दुष्काळात
खांडव्याच्या फलाटावरून तुझ्या खापरपणजीला जिने उचललं
तीही अशाच कुठल्यातरी दारातून आत आलेली,
लाल केसांची, मराठीचा गंध नसलेली बाई.
तिने आठ वर्षांच्या त्या पोरीला पेज भरवली,
चमच्याने, एकवीस दिवस.
किती मिळाले विचारतात ना,
आपल्या घरच्या खतावणीत एवढीच नोंद आहे.

तबीथा बराच वेळ भिंतीकडे बघत होती.
तिथे चर्चचं कॅलेंडर. वेलींनी वेढलेलं दार,
बाहेर प्रभू, हातात कंदील.
आई, या दाराला बाहेरून कडीच नाही.
मी म्हटलं, मुद्दाम काढलेली नाही. ते आतूनच उघडतं.
मग तो काय करतो?
ठोठावतो.
आणि नाहीच उघडलं तर?
उभा राहतो, मी म्हटलं. कंदील आहे ना.

खाली कचरागाडी आपलं गाणं वाजवत आली.
ओला डबा, सुका डबा घेऊन मी जिना उतरले,
परत येईतो तिने लिहून वही मिटलेली.

चीनच्या दारावर मला पुष्कळ हात दिसले.
काटा धरणारा. तोफेला बत्ती देणारा. पुस्तकं वाटणारा.
देवाचा कुठला ते ओळखता आलं नाही.
चमचा धरलेला एक हात आहे,
पण तो आपल्या पाठात येत नाही का?

उत्तरसूची काढून पाहिली.
तिथे तीन ओळी आहेत, पक्क्या, शाई न फुटणाऱ्या.
लाल पेनाचं टोपण काढलं.
परत लावलं.
पुढचा पाठ आगगाड्यांचा, म्हणाली ती, पान उलटत.

मी टेबलावरून लंडन उचललं
आणि गार झालेल्या पोह्यांवर
थोडं भुरभुरलं.