अकरा गावांत लंगडी

नेब्रास्कात त्या उन्हाळ्यात
मी अकरा गावांत लंगडी होते.
डावा पाय.
एकदा ब्रोकन बोमध्ये चुकून उजवा ओढला,
आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

कुबड्या त्यानंच आणलेल्या, ओमाहाच्या लिलावातून,
पंचाहत्तर सेंटला जोडी.
"हल्डा," म्हणाला, "चौथ्या भजनापर्यंत बसून राहा.
रडू नकोस. रडणाऱ्यांचा लोकांना संशय येतो.
चेहरा असा ठेव, की तुला फक्त घरी जायचंय."

ते मला सोपं होतं.

ब्रदर एल्डन लोमॅक्स.
आधी शिवणयंत्रं विकायचा,
त्याही आधी छपरावरच्या वीजरोधक सळया,
म्हणून तर आभाळातल्या कोपावर त्याचं प्रवचन इतकं घोटलेलं.
कोट भिरकावायचा, बाह्या सरसावायचा,
खुर्ची डोक्यावर उचलून सैतानाला दम भरायचा,
आणि मग एकदम आवाज खाली,
इतका खाली, की शेवटच्या बाकावरचे रांगडे शेतकरी
गव्हासारखे एका बाजूला वाकायचे.
तेव्हा तो आईविषयी बोलायचा.
प्रत्येकाला वाटे, माझ्याच.
(त्याची आई टोपेकात होती, जिवंत.
तिची पत्रं यायची. तो फोडत नसे.)

तंबूत जमिनीवर लाकडाचा भुसा,
दिव्यांवर आपटणारे पतंग,
घामाचा आणि पेपरमिंटचा वास.
मग ती हाक, "इथे एक मुलगी आहे..."
आणि मी उठायची.

हे मी कुठल्या पाद्र्यापाशीही कबूल केलेलं नाही:
दर वेळी पायात काहीतरी व्हायचं.
न मोडलेलं हाड
सांधल्यासारखं वाटायचं.

ओगालालाला
ओटीली क्राउझे आपल्या मुलाला घेऊन आली.
आठ-नऊ वर्षांचा, दोन्ही पायांना लोखंडी पट्ट्या.
मी चालले, ते तिनं पाहिलं.
कुणी अडवायच्या आत ती खाली बसली
आणि बक्कल सोडवू लागली, एकेक करून,
झोपलेल्याचे बूट काढावेत तसे.

पोर उभं राहिलं.
अडीच पावलं. मी मोजली.
मग भुशात तोंडावर.
तोंडातला भुसा न थुंकता त्यानं वर पाहून विचारलं,
"माझा विश्वास कमी पडला का?"

लोमॅक्सला शब्द सापडला नाही,
हे मी आयुष्यात एकदाच पाहिलं.
तो खाली उतरला, गुडघे टेकले,
स्वतः पट्ट्या बांधल्या.
तिसऱ्या बक्कलाला त्याची बोटं हलत होती.
मुलाच्या कानात काहीतरी बोलला.
काय, ते मला आजही माहीत नाही.
मला वाटलं, संपलं. आता हा
सळया विकायला परत जाईल.

त्या रात्री टोपलीत दोनशे बारा डॉलर पडले.
एवढे कधीच पडले नव्हते.
गुडघे टेकलेला माणूस त्यांनी पाहिला होता.

बारावं गाव, नॉर्थ प्लॅट.
चौथं भजन संपलं आणि त्यानं आवाज खाली आणला.
"ओगालालाला," म्हणाला, "एक मुलगा होता..."
आणि त्याच्या तोंडून तो मुलगा चालला.
अडीच पावलं नाही, अख्खा तंबू ओलांडून,
दाराबाहेर, कापलेल्या गवतावर, अनवाणी.
लोखंड आईच्या हातात राहिलं.
इतकं सुंदर सांगितलं मेल्यानं
की मी रडले.
मी तिथे होते, अडीच पावलं मोजली होती,
आणि मी रडले.

मग उठले.
कुबड्या बाकाला टेकवून ठेवल्या
आणि दाराकडे निघाले.
हाक अजून आली नव्हती.
मला खरंच फक्त घरी जायचं होतं.

कुणीतरी किंचाळलं, "हालेलुया!"
बाकं सरकली, बायका हुंदके देऊ लागल्या,
कुणाचा तरी हात माझ्या पाठीला लागून गेला,
देवाला लावावा तसा.
आणि मागून त्याचा आवाज,
क्षणभरही न अडखळता,
"पाहा, बंधूंनो. पाहा तिला.
मी बोलावलंसुद्धा नव्हतं."